घोड्यांचा बाजा आणि शकु बोरामणीकर

शकु,

तुझ्यावर लिहितेय. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "माझ्यावर काय लिहायचंय ओ, कुणा डॉक्टरवर लिहा की." डॉक्टरांवर लिहून लिहून आपल्या मंडळाचा दिवाळी अंक दवाखान्यातल्या माहितीपत्रकासारखा दिसायला लागलाय. यंदाही संपादकांनी मला तीन नावं सुचवली होती. एक हृदयाचे, एक दातांचे आणि एक गृहस्थ जे दर रविवारी डोंगर चढतात आणि त्याचे फोटो पाठवतात. मी म्हटलं, मला पुठ्ठ्याला भोकं पाडणारी बाई चालेल का? ते हसले. त्यांना वाटलं थट्टा करतेय. या वयात मी थट्टेला वेळ घालवत नाही.

तर तू आता गप्प बसायचंस. काही चुकलं तर नंतर फोन कर, पण नुसतं "तसं नव्हतं ओ" म्हणू नकोस, कसं होतं ते सांग. आणि तुझं वय मी खरं लिहिणार आहे.

शकुंतला बाळासाहेब बोरामणीकर, वय एकोणसत्तर, मुक्काम न्यूझीलंडातलं पामर्स्टन नॉर्थ, मुलगा यतीन आणि सून प्राची यांच्या घरी. मंडळात ती दिसते ती स्वयंपाकघराच्या बाजूला. गणपतीत शेंगाचटणी कुणी केली म्हणून विचारलं की सगळे तिच्याकडे बोट दाखवतात, आणि तेवढ्यावर तिचा परिचय संपतो. मूळची सोलापूरची. चादरी विणणाऱ्यांच्या गल्लीतली, पण तिने आयुष्यात एक चादर विणलेली नाही. ती चादरीतला मोर पाडायची.

चादरीवर मोर कुठून येतो, हे चादर पांघरणाऱ्याला माहीत नसतं आणि त्याचं काही अडतही नाही. मागावर जॅकार्ड नावाचं धूड बसवलेलं असतं आणि त्याच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डाला भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. हजारो कार्डं अशी ओळीने गेली की मोर उमटतो. ती भोकं कुणीतरी पाडावी लागतात. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून एकोणतीस वर्षं शकु पंचिंगच्या खोलीत बसून ती पाडत होती. नवरा बाळासाहेब शेजारी कार्डं ओवायचा. दोघांचा संसार पुठ्ठ्याच्या भुश्श्यात झाला. यतीन लहानपणी त्या भुश्श्याच्या ढिगात झोपायचा, हे त्याच्या ऑफिसात कुणाला सांगायचं नाही, अशी तिला सूचना आहे. म्हणून मी सांगितलं.

त्या खोलीचे मालक कुणीही असोत, तिथे चालायचं रमणमास्तरांचं. मास्तर ग्राफवर नक्षी काढायचे आणि त्यांचे दोन नियम होते. पहिला, भोक दिसलं की भोक पाडायचं, डोकं चालवायचं नाही. दुसरा, झिजलेल्या माळेवरून नवीन माळ केली की जुनी त्याच दिवशी कापून टाकायची, नाहीतर पलीकडच्या गल्लीतला माणूस उकिरड्यावरून ती उचलतो आणि आठ दिवसांत आपला मोर त्याच्या दुकानात नाचतो.

पहिला नियम शकुने एकदाच मोडला. त्र्याऐंशी साली. एका जुन्या कार्डावर तिला एक भोक जास्तीचं वाटलं, चुकून पडलेलं. नव्या कार्डावर तिने ते पाडलं नाही. तीनशे चादरी विणून झाल्यावर कळलं की ते मोराच्या डोळ्यातलं होतं. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "शकु, मोर आंधळा करायचा की डोळस, ते मोराचा बाप ठरवील. तू मावशी. तू नुसतं बाळंतपण कर." त्यानंतर तिने कधी डोकं चालवलं नाही. पुढे कॉम्प्युटर आले, पंचिंगचं मशीन भंगारात गेलं, मास्तर गेले, बाळासाहेब गेले, आणि यतीन येऊन आईला इकडे घेऊन आला.

इकडे तिचं काम होतं नातीला सांभाळायचं. सिद्धी तीन वर्षांची होती तेव्हा काम भरपूर होतं. आता सिद्धी अकरा वर्षांची आहे, आजीने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि स्वतःचा डबा स्वतः भरते. प्राची चांगली मुलगी आहे. ती दिवसातून तीनदा म्हणते, "आई, तुम्ही आराम करा." माणसाला नोकरीवरून काढायची याहून सभ्य पद्धत मी ऐकलेली नाही.

नदीकाठच्या बागेत जत्रेतल्यासारखे गोल फिरते लाकडी घोडे आहेत. आपल्यापैकी सगळ्यांनी मुलांना तिथे बसवून फोटो काढलेत आणि फोटोत मागे जो कर्कश बाजा दिसतो त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. बाजा म्हणजे कपाटाएवढा बँड ऑर्गन. पुढून सोनेरी वेलबुट्टी, मधोमध हातात छडी घेतलेली एक लाकडी बाई, जिची मान अडकलेली आहे. आतमध्ये भाते, नळ्या, ढोल, झांज. वाजवणारा माणूस कुणी नाही. शकुचं तिकडे लक्ष गेलं तेव्हा सिद्धी सहा वर्षांची होती आणि घोड्यावरून हात हलवत होती. आजी हात हलवायची सोडून बाजाच्या मागे गेली. तिथे घडीघडीची लांब पुठ्ठ्याची पट्टी एका बाजूने आत जात होती आणि दुसऱ्या बाजूने घडी पडून बाहेर येत होती. पट्टीला भोकं होती.

"अगं बाई," शकु म्हणाली, "ह्ये तर जॅकार्ड."

तिथे ग्रॅहम होता. वय तेव्हा शहात्तर, दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेला, हिवाळ्यातही अर्धी चड्डी. बाग चालवणाऱ्या समितीत सगळ्यांना हौस घोडे रंगवायची. बाजाच्या वंगणात हात घालणारा हा एकटा. त्याने तिला सभ्यपणे सांगितलं की इथे यायचं नसतं. तिला कळलं आणि ती हलली नाही. पट्टीच्या एका घडीचा सांधा फाटत आला होता. तिने त्या सांध्याकडे बोट दाखवलं. त्याने पाहिलं, आणि पुढच्या फेरीला पट्टी नेमकी तिथेच अडकून बाजाने म्हैस ओरडावी तसा आवाज काढला. सिद्धी घोड्यावरून उतरेपर्यंत आजी बाजाच्या मागे फतकल मारून, रुमालाची पट्टी फाडून सांधा बांधत होती.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी शकु ग्रॅहमच्या गॅरेजमध्ये. दोघांची भाषा हा मंडळात चेष्टेचा विषय होता, आणि चेष्टा करणाऱ्यांत मीही होते. तो त्याचं इंग्रजी बोलायचा, ज्यातले अर्धे शब्द नाकातच राहतात. ती सोलापुरी बोलायची. "ग्रॅहमभाऊ, ह्ये कसलं पंच आणलाव, कडा फाटलाल्यात बघा की." तो म्हणायचा, स्वीट ॲज, म्हणजे झकास. एकदा मी तिला विचारलं, त्याचं तुला कळतं तरी काय? ती म्हणाली, "पुठ्ठ्याबद्दल बोलतो तेवढं कळतं. बाकीचं कळून काय करायचंय ओ, तो काय माझा जावई हाय?"

गेल्या वर्षी समितीच्या अध्यक्ष ट्रेसी यांनी ग्रॅहमला पत्र दिलं. ट्रेसीबाई वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची बटणं हवी असतात. घोड्यांना त्या ऑक्टोबरात शंभर वर्षं होत होती. लेबर वीकेंडच्या सुट्टीतल्या शनिवारी समारंभ. बाजा वारंवार अडकतो, तेव्हा त्याने समारंभात 'नंबर सात' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवावी. न जमल्यास बाजा पेटीत बंद करून गोदामात, आणि त्याच्या जागी स्पीकर. नंबर सात म्हणजे एक वॉल्ट्झ. तिला काही नाव असणार, पण पट्टीच्या पुठ्ठ्यावर सात लिहिलेलं म्हणून गावात सगळे तिला सातच म्हणतात. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने त्या चालीवर घोड्यावरून उलटी केलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फार जिव्हाळा.

अडचण अशी की सात नंबरची पट्टी सहा वर्षांपूर्वीच इतकी झिजली होती की बाजा ती घेईना. तेव्हापासून ती ग्रॅहमच्या गॅरेजमध्ये लाकडी पेटीत पडून होती. तिच्यावरून नवीन पट्टी करायची. करणार कोण, तर शकु. पंधरा मीटर पुठ्ठा, एकशे दहा घड्या.

ग्रॅहमला वाटत होतं की बाजा गेला तर आपणही गोदामात जाऊ, आणि तो हे बोलून दाखवायचा. शकु बोलून दाखवायची नाही. पण मी तिला ओळखते. इकडे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिला आराम करा न म्हणता अमुक तारखेच्या आत करून दे म्हणालं होतं. तिने प्राचीला सांगितलं की महिनाभर पोळ्या तुझ्या तू कर. प्राचीने मला फोन केला, आईंना बरं नाहीये का म्हणून.

एकोणीस दिवस ती गॅरेजच्या फरशीवर, पाट घेऊन, पुढ्यात ओंडका, हातात पंच आणि हातोडी. जुनी पट्टी नव्या पुठ्ठ्यावर ठेवायची, भोक दिसलं की भोक पाडायचं. ग्रॅहम तोवर भात्यांना नवीन कातडं लावत होता. सोमवारी संध्याकाळी पट्टी झाली. त्याने घड्या मोजल्या, अंगठा वर केला. मग तो वंगण आणायला गेला आणि शकुने, एकोणतीस वर्षांच्या सवयीने, कात्री घेऊन जुनी पट्टी आडवी-उभी कापली, रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यात भरली आणि डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. मंगळवारी सकाळी गाडी येऊन घेऊन गेली. पलीकडच्या गल्लीतला चोर पामर्स्टन नॉर्थमध्ये राहत नाही, हे तिच्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी बाजाला पट्टी लावली. ट्रेसीबाईही आल्या होत्या, हातात कॉफी. सुरुवात झकास झाली. ढोल, नळ्या, एक दोन तीन, एक दोन तीन. सोळाव्या घडीला एक बारकी नळी मध्येच किंचाळली. शकुला वाटलं, असेल. विसाव्या घडीला दोन किंचाळल्या. तिसाव्या घडीपुढे जे झालं त्याचं वर्णन ती मला करू शकली नाही, पण ट्रेसीबाईंनी केलं. त्यांच्या मते कुणीतरी कटलरीचा खण जिन्यावरून खाली सोडला आणि त्याच्या मागून एक डुक्कर सोडलं. ढोल भलतीकडे, झांज भलतीकडे. लाकडी बाईची अडकलेली मान त्या हादऱ्याने सुटली आणि ती नकारार्थी हलायला लागली. ट्रेसीबाईंनी अत्यंत नम्रपणे विचारलं की हे भारतीय संगीत आहे का.

ग्रॅहमने बाजा थांबवला. पट्टी हातात घेऊन तो भोकं बघत बसला आणि त्याला कळलं. सहा वर्षं पेटीत पडलेल्या पुठ्ठ्याला कीड लागली होती. घराच्या लाकडाला इथे जी लागते तीच. किडीने जागोजाग भोकं पाडली होती आणि शकुने ती एकूण एक, कडा नीट करून, मापात आणून, नव्या पट्टीवर उतरवली होती.

त्याने जुनी पट्टी मागितली. कुठलं भोक मूळचं आणि कुठलं किडीचं ते ताडून बघता आलं असतं.

"कापली," शकु म्हणाली, आणि बोटांनी कात्री करून दाखवली.

ग्रॅहमने बाजाचं दार लावलं, गाडीत बसला आणि गेला. इतकी वर्षं तिला बागेतून घरी सोडायचा, त्या दिवशी नाही सोडलं. ती चालत घरी आली. वारा समोरून, आपल्याकडे असतो तसा, आणि हातात पट्टीचं बोचकं.

तिचं दुःख पट्टी बिघडल्याचं होतंच, पण जास्त दुसरंच होतं. ती मला म्हणाली, "मला दिसलालती ओ किडीची भोकं. कडा कुरतडलेल्या होत्या काही काही. हात थांबलाही दोनदा. मग म्हणलं, मोराचा बाप ठरवील." मी तिला सांगितलं की इथे मोराचा बाप मरून शंभर वर्षं झाली असतील, तू डोकं चालवायला हवं होतंस. सांत्वन करणं मला जमत नाही. ती म्हणाली, हो.

यतीनने संध्याकाळभर इंटरनेटवर सात नंबरचं रेकॉर्डिंग शोधलं. एक मिळालं, कुणाच्या तरी वाढदिवसाचं, बारा सेकंदांचं, आणि त्यातली दहा सेकंदं ते वाढदिवसाचं मूल रडत होतं. यतीन म्हणाला, "आई, सोड आता. तू तुझ्या परीने केलंस." प्राची काय म्हणाली ते मी पुन्हा लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शकु ग्रॅहमच्या दारात उभी. पायात सिद्धीच्या जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात मैद्याची खळ शिजवून भरलेलं पातेलं, खांद्याला प्राचीचा केस वाळवायचा ड्रायर. ग्रॅहमने दार उघडलं आणि तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ग्रॅहमभाऊ, तुम्ही म्हणा. मी बुजवते."

त्याला कळायला वेळ लागला. गाणं म्हण, असं ती सांगत होती. तो म्हणाला, मला गाता येत नाही. ते खरं होतं. दोन सूर काढून दाखवले आणि शेजारचा कुत्रा उठून गेला. पण मग त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि जरा वेळ डोळे मिटून उभा राहिला. तरुणपणी चार वर्षं हा माणूस रविवारी त्या घोड्यांचा ब्रेक धरून उभा असायचा. गाणं त्याला कानाने पाठ नव्हतं. कुठला घोडा समोरून जाताना काय वाजतं, हे पाठ होतं. कान तुटलेला पांढरा आला की ढोल. दोन काळे जोडीने वर गेले की बारक्या नळ्या. घोड्यांतलं एकुलतं लाकडी शहामृग आलं की सगळं शांत.

त्यांनी पट्टी उलगडली. पंधरा मीटर पुठ्ठा घराच्या ड्राइव्हवेवरून थेट फुटपाथपर्यंत. वारा असा की पहिल्या वीस घड्या उडून शेजाऱ्याच्या गुलाबात गेल्या. मग घरातल्या सगळ्या जड वस्तू बाहेर आल्या. बूट, रंगाचे डबे, इस्त्री, टोमॅटोचे टिन, ग्रॅहमच्या कै. बायकोचं शिवणयंत्र. ओळीने पट्टीवर ठेवल्या. समोरच्या डेअरीवाल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या पटेलांनी विचारलं की गॅरेज सेल आहे का आणि ते मशीन कितीला.

मग ग्रॅहम पट्टीच्या कडेकडेने चालायला लागला. हात घोड्याच्या लगामासारखे धरून, गुडघ्यात वरखाली होत, तोंडाने ऊम्-पा-पा. ऐंशी वर्षांचा माणूस, अर्ध्या चड्डीत, रस्त्याकडेला घोडा घोडा खेळतोय आणि त्याच्या मागे साडी खोचलेली बाई खळीचं पातेलं घेऊन रांगतेय. तो थांबून बोट दाखवायचा, ती पुठ्ठ्याचा तुकडा लावून भोक बुजवायची, ड्रायरने वाळवायची. वायर घरातून आणलेली, दर दोन मीटरला निसटायची. दुपारपर्यंत ऐंशी भोकं बुजली. तिसऱ्या प्रहरी शकुलाच काही काही कळायला लागली. त्याने बोट दाखवायच्या आत तिचा हात तिथे. एकदोनदा तो पुढे निघून गेला तर तिने त्याला चड्डीला धरून मागे ओढलं आणि भोक दाखवलं. तो पुन्हा घोडा घेऊन आला, मान डोलावली. तिचं बरोबर होतं.

संध्याकाळी चारला एकशे तीस भोकं बुजली आणि एक राहिलं. त्रेसष्टाव्या घडीवरचं, झांजेच्या रांगेतलं. ग्रॅहम म्हणाला, इथे शहामृग असतं, इथे सगळं शांत असतं, हे किडीचं. शकु ओणवी होऊन त्या भोकाकडे बघत राहिली. जुन्या पट्टीवर त्या भोकाची कडा कशी होती ते तिला आठवत होतं, किंवा आठवतंय असं वाटत होतं. सरळ होती. शिवाय तिला ते भोक तिथे हवं होतं. एवढा वेळ सगळं शांत, मग मधोमध एक टिकली. मास्तर असेच करायचे. मोकळ्या जागेत एकच ठिपका सोडायचे.

ग्रॅहमने खळीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

"नाही," शकु म्हणाली.

तो म्हणाला, मी चार वर्षं तिथे उभा होतो.

"तुम्ही ब्रेक धरून उभे होता. मी एकोणतीस वर्षं भोकं पाडली." आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

मराठीत बोलली, पण त्याला कळलं. पुठ्ठ्याबद्दलचं असलं की त्यांना एकमेकांचं कळायचं. तो शिवणयंत्र उचलून आत न्यायला लागला.

शनिवारी बागेत अर्धं गाव. सगळ्या घोड्यांना नवीन रंग, ट्रेसीबाईंच्या गळ्यात हार, आणि एका कोपऱ्यात नवा स्पीकर, खोक्यातून काढलेला, तयार. आपल्या मंडळाचे आठ जण होते, पैकी सहा मोमो खायला आले होते. बाजा सुरू झाला. मी शकुच्या शेजारी उभी होते. ती घोड्यांकडे बघत नव्हती, समारंभाकडे बघत नव्हती. बाजाच्या मागे उभी राहून, ओठ हलवत, घड्या मोजत होती. सोळावी गेली. तिसावी गेली. कुठेही किंचाळी नाही. माझ्या पुढ्यातली एक गोरी म्हातारी रडायला लागली, पोट बिघडायच्या आठवणीने असेल. साठ. एकसष्ट. आवाज विरत गेला, शहामृग समोर आलं, सगळं शांत झालं आणि त्या शांततेत, एकटीच, झांज.

क्षणभर कुणाला कळेना. मग शहामृगावर बसलेली एक पोर खिदळली. पुढच्या फेरीला पोरं त्या जागेची वाट बघायला लागली. तिसऱ्या फेरीला झांजेबरोबर सगळी एकदम ओरडली. तिकडे ग्रॅहमचं तोंड आंबट झालं होतं. पण पट्टी शेवटपर्यंत गेली, एकदाही अडकली नाही, आणि ट्रेसीबाईंनी माइकवर सांगितलं की बाजा राहणार. स्पीकर परत खोक्यात गेला.

ग्रॅहमने शकुला त्या दिवशी घरी सोडलं. त्या झांजेबद्दल दोघं बोलले नाहीत. गेलं वर्षभर बोललेले नाहीत. बाजा वाजतो, त्रेसष्टावी घडी येते, तो दुसरीकडे बघतो, ती त्याच्याकडे बघते.

आता इथून पुढचं वाचकांशी नाही, तुझ्याशीच बोलते, शकु.

समारंभाचा फोटो पेपरात आला, तो बघून क्राइस्टचर्चहून, रिकार्टनमधून, एका गृहस्थांचा ग्रॅहमला फोन आला. त्यांच्याकडे असल्या बाजांच्या पट्ट्यांचा संग्रह आहे. सात नंबरची तीच वॉल्ट्झ त्यांच्याकडे आहे, कीड न लागलेली, काचेच्या कपाटात. विकणार नाहीत, पण कुणी बघायला आलं तर स्वागत. ग्रॅहम विमानात बसत नाही. मार्चमध्ये मी भाचीकडे, सुनीतीकडे, रिकार्टनला निघाले होते, तर तू सकाळीच माझ्या दारात. हातात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, रबरबँड लावलेली, आणि चिठ्ठीवर पत्ता.

"त्रेसष्टावी घडी," तू म्हणालीस. "झांजेची रांग खालून दुसरी. भोक हाय का बघा. असलं तर ट्रेस करून आणा. नसलं तर..."

"नसलं तर काय?"

"नसलं तर नसलं म्हणून सांगा की."

मी रिकार्टनला पाच दिवस होते. त्यांचं घर सुनीतीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पहिल्या दिवशी पाय दुखत होते. दुसऱ्या दिवशी इंडियन दुकानांतून कढीपत्ता आणि सुरण आणले. चौथ्या दिवशी गुंडाळी काखेत मारून त्यांच्या फाटकापर्यंत गेले. गृहस्थ बागेत झाडांना पाणी घालत होते. मला बघून किया ओरा म्हणाले, इथला नमस्कार. मीही किया ओरा म्हणाले आणि चालत पुढच्या गल्लीत गेले.

परत आल्यावर तू माझ्या हातातून गुंडाळी घेतलीस. तू लावलेला रबरबँड तसाच होता. तू तो काढला नाहीस. म्हणालीस, सुरण ताजा मिळाला का.